जेंटेशनचा रविवार

वीस जणांना पुरेल एवढ्या सुशीलासाठी, म्हणजे फोडणीच्या भिजवलेल्या चुरमुऱ्यांसाठी, कांदा चिरता चिरता विठाबाईंनी विचारलं, "समद्यांना निरोप नीट गेलाय ना?"

"जन्मभर इंग्रजी शिकवलंय मी," किशनराव म्हणाले.

तिथंच तर घोडं पेंड खात होतं. निरोपात त्यांनी साधा 'नाश्ता' लिहिलाच नव्हता. लॅटिनमधून इंग्रजीत आलेला आणि केव्हाच वापरातून गेलेला 'जेंटेशन' हा शब्द लिहून वर 'जेंटॅक्युलर गप्पा' असं विशेषणही जोडलं होतं.

शब्दांचा सोस जुनाच, पण या खेपेला मनात वेगळं होतं. पूर्वी विद्यानगरच्या या ओसरीवर गल्लीतल्या साऱ्या मराठवाडी घरांचा रविवारचा नाश्ता व्हायचा. मग मुलं मोठी झाली, लांब फ्लॅटांत गेली. ओसरी एकदा तरी भरलेली पाहायची होती.

आणि ती भरली! गल्लीतच वाढलेला अमरदीप तर सत्काराची शाल घेऊनच आला.

"उशीर नाही ना झाला, सर? इडली-वडा खाऊनच निघालो."

"मीपण पोटभर खाऊन आले," रेणुका म्हणाली. "सरांचं भाषण म्हणजे मधी उठायची सोय नाही."

शब्द कुणालाच कळला नव्हता. विचारावं तर सर फोनवर तासभर व्युत्पत्ती सांगणार. तेव्हा हे व्याख्यानच, असं धरून सगळे तुडुंब होऊन आले होते.

किशनरावांचा चेहरा पडला. 'अहो, नाश्ता होता' म्हणायची त्यांना लाज वाटली. ते उठून खाकरले, तसा विठाबाईंनी गॅस बंद केला. त्यांना जन्माचा अनुभव होता.

रोमन लोक सकाळी काय खायचे, इथून निघालेलं भाषण हळूहळू याच ओसरीवर आलं. सुशीलातले शेंगदाणे वेचून पळणारा छोटा अमरदीप आला, रुसून पायरीवर बसणारी रेणुका आली. लोक हसले, डोळे पुसू लागले. दुपार झाली, इडल्या कधीच जिरल्या.

"सर, भूक लागली की हो," अमरदीप म्हणाला. "शेंगदाणे घातलेत ना?"

पातेलं खरवडून रिकामं झालं.

दोन दिवसांनी रेणुकाचा निरोप आला: 'पुढच्या रविवारी माझ्याकडे जेंटेशन, दुपारी एक वाजता. सरांचं भाषण, मग जेवण.'

किशनरावांनी चष्मा लावला आणि भराभर टाईप करायला घेतलं.

"काय लिहायलाव?"

"अगं, जेंटेशन सकाळीच असतं! अर्थ चुकलाय तिचा."

"बोलावलंय ना तिनं?" विठाबाई म्हणाल्या. "मग पुसा ते."

किशनरावांनी मुकाट्यानं सगळं पुसलं आणि लिहिलं, 'येतो.'