साकोलीचा समुद्र

शेषरावजींच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात कायम एक कच्चं अंडं असे. साकोलीच्या शाळेत मी नवा मास्तर म्हणून रुजू झालो आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी ते भेटायला आले. मी नमस्काराला वाकलो, तर गृहस्थ छातीवर हात ठेवून दोन पावलं मागे सरले.

"जरा जपून जी मास्तर, अंडा आहे."

हे अंडं खाण्यासाठी नव्हतं, नोकरीसाठी होतं. शेषरावजी शेतकी खात्यात होते. धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, टाकायच्या आधी बियाणं मिठाच्या पाण्यात बुडवायचं, वर येईल ते पोचट म्हणून फेकायचं आणि तळाशी बसेल ते पेरायचं, एवढी एकच गोष्ट ते गावोगाव सायकलने सांगत फिरत. पाण्यात मीठ पुरेसं पडलं की नाही ते अंडं सांगे. तरंगलं की पाणी तयार. आणि अंडं त्यांचं स्वतःचंच लागे. "लोकाइचा अंडा शिळा असते जी. तो साध्या पाण्यातबी तरंगते. मंग पोचट धान खालीच बसून राहाते, अन् बोल लागते मले."

पऱ्ह्यांचे दिवस संपले तरी अंडं खिशातून हलत नसे. एकदा अड्याळच्या बाजारातून आम्ही एसटीने परत येत होतो. एका बाईची टोपली त्यांच्या छातीवर आदळली. सदऱ्यातून पिवळं ओघळू लागलं तसा कंडक्टर घाबरला. "काही नाही जी, घाम आहे," असं म्हणून हे साकोली येईपर्यंत खिसा मुठीत धरून बसले.

माणसांचीही त्यांनी दोनच जातींत वाटणी केली होती: पोचट आणि ठोस. आमचे हेडमास्तर पोचट. पोस्टमन ठोस. माझा निकाल बरेच दिवस लागला नव्हता. "तुमाले अजून पाणीच नाही लागलं, मास्तर," ते म्हणत.

घरात एकटेच असत. बायको फार लवकर गेली, तेव्हा शालू, त्यांची एकुलती मुलगी, जेमतेम चालायला लागली होती. तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून ते गावं करत आणि अंडं सांभाळायचं काम तिच्याकडे असे. "तिच्या हातून एकबी नाही फुटला," हे ते मला इतक्या वेळा सांगत की पुढे पुढे मी ऐकल्यासारखं करून वह्या तपासत असे. हीच शालू नर्स झाली. कोकणात समुद्रकाठच्या सरकारी दवाखान्यात लागली, तिकडेच लग्न केलं. वर्षातून दोनदा यायची, दिवाळीला आणि होळीला. तीन रात्री राहिली की चौथ्या सकाळी तिची पिशवी भरलेली असे.

"झोप नाही येत बाबा इथं," ती म्हणायची. "फार शांत वाटते."

हे शेषरावजींच्या जिव्हारी लागलं होतं. घरासमोरून हायवे जातो, रात्रभर ट्रक धावतात, आणि मुलगी म्हणते शांत. "अजून कोणता आवाज पाहिजे जी मानसाले?" ते मला विचारत. मी काय सांगणार, समुद्र मीही पाहिलेला नव्हता.

एका दिवाळीला ती येताना प्लास्टिकच्या कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणि त्यात तळहाताएवढा दगड घेऊन आली. दगडावर हिरवट-तपकिरी, शर्टाच्या बटणाएवढी फुलं होती. बोट जवळ नेलं की मिटायची. "पोवळ्याच्या जातीचे जीव आहेत, बाबा. तुमाले दाखवाले आणले. परत नेऊन सोडते."

"राहू दे इथंच," शेषरावजी म्हणाले. ती हसली आणि ठेवून गेली.

झालं, फोटोला फ्रेमा बसवणाऱ्याकडून काचेची पेटी आली. फुलांना हवा लागते म्हणून सायकलची ट्यूब भरून तिची नळी पाण्यात सोडली आणि बुडबुडे बंद पडले की शेषरावजी पंप मारायला लागत. गाव बघायला लोटलं. पोवळं अंगठीत असतं, ते फुलतं कसं, यावर ओट्यावर वाद झाले. एका म्हातारीने पेटीला हात जोडले आणि पाण्यात पाच पैसे टाकले. ते काढण्यासाठी शेषरावजींनी कोपरापर्यंत हात साबणाशिवाय तीनदा धुतला.

"एवढा कुटाणा कायले?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"शालूले इथं आली का समुद्राची याद येते. समुद्र घरीच असला त दोन रोज जास्त राहीन."

मला हसू आलं. मग त्यांचा चेहरा दिसला आणि मी पंप हातात घेतला.

पण महिन्या-दोन महिन्यांत फुलं मलूल झाली. पेटी खिडकीतून उचलून सावलीत ठेवली, परत उन्हात ठेवली. सुके झिंगे कुटून चारले. ट्यूबला रबराचा वास येतो म्हणून नवी आणली. कशाने गुण येईना. शेवटी त्यांनी खिशातलं अंडं काढून पेटीत सोडलं. ते सरळ तळाशी गेलं.

"हेच त म्हंतो मी! पाणी फिकं आहे. कॅनमंदी हलून हलून उतरलं असन."

मग रोज एक मूठ मीठ. अंडं काही वर येईना, म्हणून पुन्हा मीठ. कडेची फुलं काळी पडली, उरलेली मिटली ती उघडेचनात. शेषरावजींचं जेवणावरचं लक्ष उडालं. संध्याकाळी पेटीसमोर बसून असत. "शालू पुसन त काय सांगू, मास्तर?" एवढंच विचारत. मला त्यांची खरोखर दया येई.

होळीला शालू आली. खांद्यावरची पिशवी खाली न ठेवताच तिने पेटीत पाहिलं. मिटलेला दगड आणि शेजारी तळाशी अंडं.

"बाबा, हा अंडा इथं काहून?"

"पाणी पाहून राहिलो. तरंगतच नाही न वो."

"समुद्रात अंडा बुडतेच, बाबा. धानाचं पाणी नाही ते."

शेषरावजींनी अंडं बाहेर काढलं आणि उलटंपालटं करून पाहिलं. सगळ्या नोकरीत त्यांचं अंडं कधी चुकलं नव्हतं. शालूला आधी हसू आलं, मग तिने पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली.

एकदम गोडं पाणी ओतलं तर उरलेलीही दगावतील, रोज थोडं खारं काढून तेवढंच गोडं घालावं लागेल, असं तिने सांगितलं. ते बाबांवर सोपवायची तिची तयारी नव्हती. तिने दवाखान्याला रजेची तार केली आणि चांगली रंगपंचमीच्याही पुढे राहिली. भिंतीपलीकडून बाप-लेकीचं बोलणं ऐकू येई. शेषरावजी एवढ्या मोठ्याने हसतात हे मला तेव्हा कळलं. फुलं एकेक करून उघडली, तशी ती गेली. जाताना बजावून गेली, "पाणी आटलं का फक्त गोडं पाणी. मीठ नाही."

त्यांनी तिचा शब्द पाळला. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. फुलं वाढून दगडाच्या पाठीवर पसरली.

दिवाळीत शालू यायच्या आदल्या संध्याकाळी मी पेपर परत द्यायला त्यांच्याकडे गेलो. शेषरावजी पेटीजवळ पाठमोरे उभे होते. बाजूला मिठाची बरणी उघडी होती आणि त्यांची भरलेली मूठ पाण्यावर होती. मी खाकरलो. त्यांनी मान वळवली, पण मूठ तिथेच राहिली.

"बरे दिसले त ती थांबन कायले, मास्तर?"

पेटीत सगळी फुलं उघडी होती, बुडबुड्यांनी हलत होती. शेषरावजी पुन्हा त्यांच्याकडे वळले.

"कशी फुलून राहिली न जी," ते म्हणाले आणि मूठ बरणीत रिकामी केली.

शालू आली. पेटी पाहून तिला इतका आनंद झाला की तिने मलाही हाक मारून बोलावलं. "बाबाइनं करून दाखवलं. आता मले काही काळजी नाही," ती म्हणाली. शेषरावजी मान डोलवत होते. तीन रात्री राहिली आणि चौथ्या सकाळी तिची पिशवी भरली.

स्टँडवर मीही गेलो होतो. बस हलेपर्यंत शेषरावजी खिडकीपाशी उभे राहिले, एक हात खिडकीच्या गजावर आणि एक डाव्या खिशावर. घरी आल्यावर चपला काढल्या, लोट्यात गोडं पाणी घेतलं आणि फुलं मिटू नयेत म्हणून काठाकाठाने अगदी सावकाश पेटीत सोडलं.

"बसा, मास्तर," ते म्हणाले. "आज शाळेले सुट्टीच आहे न तुमाले?"

मी बसलो.