बिनसायीच्या दुधाचं गूढ

“घरातल्या घरात गुन्हेगार शोधत बसशील, तर एक दिवस खरंच सापडेल,” असं नवऱ्याने हेरबाईंना बजावलं होतं. हेरबाईंनी ते मनावर घेतलं नाही, कारण दोन्ही कान तेव्हा शेजारच्या दाराकडे लागले होते.

हेरबाई हे नाव त्यानेच ठेवलेलं. त्यात टोमणा होता. बाईंनी तो पदवी म्हणून स्वीकारला. आणि का स्वीकारू नये? साबणाची वडी हातात घेऊन कंपनीने ती यंदा कुठून कोरली हे सांगणारी, वेफर्सच्या पुडीतली हवा वजा करून भाव काढणारी, ‘एकावर एक फुकट’ या पाटीतल्या पहिल्या एकाची किंमत आदल्या दिवशीच वाढवली होती हे ओळखणारी दुसरी बाई पंचक्रोशीत नव्हती. फक्त खऱ्याखुऱ्या गुन्ह्याशी तेवढी गाठ पडायची राहिली होती.

ती पडली दुधाच्या पातेल्यात.

हेरबाईंची लेक, घरातली पिटुकली, संध्याकाळच्या दुधाचा पेला तोंडाला लावायची, नाक मुरडायची आणि पेला सरकवून द्यायची. त्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की मागच्या खेपेपासून वजनाचा काटा हललेला नाही, दुधाकडे लक्ष द्या. घरी येऊन हेरबाईंनी आधी पातेल्यावरचं झाकण काढलं. साय नावालाही नव्हती. दुधातून तळ दिसत होता, अगदी घासणीच्या ओरखड्यांसकट.

पहिला संशयित अर्थातच दूधवाला. सकाळी त्याला दारात थांबवून हेरबाईंनी तिरक्या धरलेल्या ताटावर दुधाचा थेंब सोडला. थेंब मागे पांढरी रेघ ओढत, इभ्रतीने, सावकाश उतरला. दूध निर्दोष होतं. दूधवाला म्हणाला, “ताई, सायकलही बघून घ्या, उगाच मनात राहायला नको.” हेरबाईंनी सायकलही पाहिली.

म्हणजे दूध सकाळी दारात घट्ट आणि संध्याकाळी पेल्यात पातळ. गुन्हा घरातच घडत होता. मग संशय सेलमधून आणलेल्या पातेल्यावर गेला: स्वस्तातला धातू पाझरत असावा, आणि तोही आतल्या बाजूला. नंतर झाकणावर, वाफ अडवून थेंब थेंब परत सोडल्याबद्दल. शेवटी मांजरावर. मांजर दूध पिऊन गेलं, हे कुणीही म्हणेल. पण पुरावा लपवायला ते तेवढंच पाणी ओतून जातं, हा निष्कर्ष फक्त हेरबाईंचा. सासूबाईंनी विचारलं, की जाताना ते नळही बंद करतं का? हेरबाईंना हा मुद्दा महत्त्वाचा वाटला, कारण नळ खरोखरच बंद होता.

एक पेलाभर पाणी मात्र तपासातून वगळलेलं होतं. दुधाचा भाव चढल्यापासून दूध तापवून झालं की हेरबाई स्वतःच ते घालत. पण तो काही गुन्हा नव्हे, ते नियोजन. शिवाय एवढ्याशा पाण्याने कधी तळ दिसतो का?

अशात सुट्टीच्या दिवशी नणंद राहायला आली. तपासात तिला काडीचाही रस नव्हता. ती दिवसभर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मटार सोलत बसली. संध्याकाळी हेरबाई तिला मांजराचा येण्याजाण्याचा मार्ग समजावून सांगत होत्या, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “वहिनी, पातेल्यात सगळेच पाणी घालताहेत, तर मीही घालू का? की पाहुण्यांना सूट आहे?”

नवरा पेपरमागे गेला. सासूबाई स्वच्छ चष्मा पुन्हा पुसायला लागल्या.

नणंदेने पाहिलं ते सगळं सांगितलं. आधी वहिनी आली, मग आई, मग दादा. प्रत्येकाच्या हातात पेला होता, प्रत्येकाने दाराकडे वळून पाहिलं, आणि कोपऱ्यात बसलेली ती कुणालाच दिसली नाही. ज्याला त्याला फक्त बाकीच्या दोघांची भीती होती.

मग कबुलीजबाब झाले. नवऱ्याने दुकानात हेरबाईंना हातात घेतलेला बिस्किटांचा पुडा परत फळीवर ठेवताना पाहिलं होतं. तेव्हापासून तो पेलाभर पाणी ओतत होता. सासूबाईंनी तर भाव वाढला त्याच दिवशी सुरुवात केली होती.

“मला वाटलं, एवढ्याने काय होतंय,” सासूबाई म्हणाल्या. “आणि तुझ्या जिवाला आणखी घोर कशाला?”

“मलाही तेच वाटलं,” पेपर म्हणाला.

हेरबाई मटाराची टरफलं गोळा करायला लागल्या. तिसरा आरोपी तपासात सहकार्य करत नव्हता.

त्या संध्याकाळी पिटुकलीचं दूध वेगळ्या भांड्यात तापलं, पाण्याच्या थेंबाशिवाय. तिने पेला रिकामा केला आणि पांढऱ्या मिशांनिशी आणखी मागितलं. हेरबाईंचे डोळे भरून आले, नाकही.

भाव मात्र उतरले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने जाहीर केलं, की त्याला हल्ली कोरा चहाच बरा वाटतो. सासूबाईंना एका रात्रीत दूध पचेनासं झालं. हेरबाईंनाही दुधाच्या चहाने पित्त होत असल्याचं आठवलं. मग तिघांनी एकमेकांची नजर चुकवत तो काळा चहा घेतला, आणि छान झालाय असंही म्हणाले.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. तुमच्या घरातही अलीकडे कुणाला अचानक दूध आवडेनासं झालं असेल, फळं नकोशी झाली असतील, दुसऱ्यांदा वाढून घ्यायची भूकच राहत नसेल, तर आज जरा त्यांच्याशेजारी जाऊन बसा. आणि विचारा, खरंच नको आहे का?