मालवणच्या ‘मां’ची चिनावर स्वारी

श्री रामेश्वरास दंडवत, आणि वाचणाऱ्यास बैस म्हणणे. शके अठराशे अठ्ठ्याहत्तर, दुर्मुख नाम संवत्सर, वैशाखमास, हापूस उतरणीस लागलेला, ऐशा समयी मालवण बंदरी चिनी भाषेवरून जो संग्राम जाहला, त्याची हकीकत लिहून ठेविली पाहिजे. नाहीतर हरलेली मंडळी उद्या सांगतील की ऐसे काही जाहलेच नाही, आणि ती मंडळी सांगण्यात मोठी पटाईत.

तर राजमान्य राजेश्री गुरुदासपंत प्रोफेसर, मूळचे तारकर्लीचे, पेकिंगास राहून चिनी भाषा, चिनी बादशहांच्या वंशावळी आणि चिनी चहा ऐसे त्रिविध ज्ञान हस्तगत करून आंबे खावयास स्वग्रामी दाखल जाहले. मग त्यांनी वाचनालयाच्या माडीवर चिनी वर्ग मांडिला आणि जाहीर केले की, परीक्षेत अव्वल येईल त्यास पुण्यास पुढील चिनी विद्येसाठी शिष्यवृत्ती देववू. प्रथम बहुत गर्दी लोटली, मग चिनी अक्षरे पाहून ती निम्मी जाहली, मग उकाडा वाढला आणि दोघेच उरले.

एक, श्रीमंत शंकरराव हेडमास्तर, शुद्ध भाषेचे सुभेदार. यांचा शाळेत अंमल ऐसा की, जो मालवणी हेल काढील तो बाकावर उभा, आणि जो वाक्याच्या शेपटास ‘ना?’ऐवजी मालवणी ‘मां’ लावील तो बाकावर एका पायावर उभा. दुसरी, दुर्गा, भिकाजीशेट कौलवाले यांची कन्या, मॅट्रिकला बसलेली, जिचे पाय या शिक्षणाने बहुत बळकट जाहले होते.

भिकाजीशेट लेकीचे चिनी वेड पाहून खफा जाहले. “चिनी शिकान काय करतलंस गो? चिनी मातयेच्यो बरणयो विकतलंस?” ऐसे गर्जून त्यांनी फर्मान काढिले की, शिष्यवृत्ती मिळाली तर पुणे, न मिळाली तर कुडाळास मावशीकडे शिवणाचा वर्ग. येणेप्रमाणे एकीकडे हजारो वर्षांच्या इतिहासासह अवघा चीन आणि दुसरीकडे जन्मभर काजे-बटणे, ऐसा पेच पडिला.

आता चिनी भाषेचा गनिमी कावा ऐसा की शब्द एक आणि सूर चार. ‘मा’ सपाट धरिला तर आई, वर चढविला तर ताग, बुडवून वर काढिला तर घोडा, आणि वरून आपटला तर शिव्या घालणे. हेडमास्तरांनी हयातभर हेल ठार मारिला होता, सबब त्यांची आई आणि त्यांचा घोडा एकाच दावणीस बांधलेले. दुर्गेस मात्र कुमक घरचीच. तिची आत्या हौसाबाई एका ‘गो’वर सारे घर हाकीत असे. विहिरीवरून हाक मारिता तो ‘गो’ सपाट लांबे, दचकून विचारिता वर चढे, लाडीगोडीने काम सांगता बुडून वर येई, आणि दूध उतू जाता वरून कोसळे. मग दुर्गेने ते चारही ‘गो’ जिंकून त्यांवर चारही ‘मा’ स्वार केले, आणि दिवसभर तोंडाने तीच मोहीम चालविली, तेव्हा आत्याबाई चिंतेत पडोन म्हणाल्या, “गो दुर्गा, तुका बरां आसा मां?”

परीक्षेचे दिवशी भिकाजीशेट माडीवर खुर्ची अडवून बसले. कुडाळच्या मावशीसाठी आंब्यांची करंडी बांधून पायाशी तयार. प्रोफेसरांचा हुकूम सुटला की, पेकिंगात लोक भेटता ‘जेवलात का’ ऐसे पुसतात, तैसे मज पुसावे. आणि शेवटी प्रश्नाचा पाचवा ‘मा’ येतो, त्यास सूर नाही, तो हलकाच सोडावा.

हेडमास्तर उठले, कोट ओढिला, आणि आज सूर काढायचाच ऐशा इरेस पडोन त्यांनी शेवटचा ‘मा’ इतका खोल बुडविला की प्रोफेसर डोळे पुसत म्हणाले, “मास्तर, तुम्ही मला ‘जेवलास, घोड्या’ असं म्हणालात.”

मग दुर्गा उठली. तोच हेडमास्तरांनी तिजकडे वर्गातली ती नजर टाकिली, आणि ती बोटे तुटतील ऐसा पदर पिळू लागली, आणि भिकाजीशेटांचा हात करंडीकडे गेला. मग तिने डोळे मिटिले, तो मनी आत्या ताट घेऊन ‘जेवलंस मां?’ ऐसे पुसत पुढ्यात उभी. “छ्र फान ल मा?” शेवटचा ‘मा’ ऐसा अलगद सुटला की प्रोफेसर पेकिंग विसरोन बोलून गेले, “जेवलंय गो बाय, जेवलंय!”

“हे तर अशुद्ध!” हेडमास्तर कडाडले. “पेकिंगात हेच शुद्ध,” ऐसा प्रोफेसरांचा निवाडा जाहला, आणि शिष्यवृत्ती दुर्गेच्या पदरी पडिली. भिकाजीशेटांनी तेथेच करंडी सोडिली आणि आंबे वाटिले. हौसाबाईंस वर्तमान पोचता त्या इतकेच वदल्या, “म्हणजे माझो गो चिनात पावलो मां?”

मॅट्रिकचा निकाल लागोन दुर्गा पुण्यास कूच करिती जाहली, तेव्हा तमाम मंडळी एस्टी स्टँडावर लोटली. हेडमास्तरही नारळ घेऊन आले. गाडी हलली आणि ते मोठ्याने म्हणाले, “दुर्गे, पत्र धाडतलंस मां?”

ही फत्ते येणेप्रमाणे दप्तरी दाखल केली असे. स्टँडावर बाक होता. मास्तर त्याजवर उभे राहिले नाहीत, हेही लिहून ठेविले आहे.