रसद पोचली, सबब

कर्मचारी क्रीडा महोत्सवात यंदा कॅरमऐवजी युद्धपट हा पटावरचा लढाईचा खेळ खेळवण्यात येईल आणि विजेत्यांच्या विनंती-बदलीचा प्राधान्याने विचार होईल, असं परिपत्रक निघालं. जिल्ह्याच्या एका टोकाला पुरवठा शाखेत लिपिक असलेल्या उत्तरानं ते दोनदा वाचलं. ती राहायला दुसऱ्या टोकाला, गंगाखेडला. रोज देवगाव फाट्यावर एसटी बदलून कामावर यायची. तीन वर्षांची स्वरदा ती निघताना झोपलेली असायची आणि घरी पोचेपर्यंत पुन्हा झोपलेली. लेक बोलते कशी, हे तिला फक्त रविवारी कळायचं.

आणि हा खेळ तिला कॉलेजपासून येत होता.

अंतिम सामना बांधकाम शाखेशी पडला. टेबलावर षटकोनी घरांचा नकाशा. मधे शत्रूचं तटबंदीचं शहर, पलीकडं राजधानी. उत्तरानं शहराला हातच लावला नाही. आतल्या सैन्यानं बाहेर येऊन आपली वाट तोडू नये म्हणून वेशीवर दोन तुकड्या बसवल्या आणि बाकी फौज वळसा घालून थेट राजधानीपाशी नेली. तीन डावांत खेळ संपणार होता. फक्त मागून रसदेच्या गाड्या तेवढ्या येत राहायला हव्या होत्या.

गाड्या संघनायक अनंतरावांच्या ताब्यात होत्या. ते अव्वल कारकून. एकतीस वर्षं सेवा, एकही आक्षेप नाही.

“मॅडम, तुमी शहर वगळलं ते कुणाच्या मंजुरीनं?”

“साहेब, खेळात तसं चालतं.”

“चालत असंल. पण बायपास म्हणलं की भूसंपादन आलं. आन् फौज जिथली, रेशनचं धान्य तिथंच उचलावं लागंल. बाहेर पायजे तर आधी मशिनवर सगळ्यांचे अंगठे घ्या.”

“पुठ्ठ्याचे सैनिक आहेत, साहेब!”

“मग तर ठसा उमटणारच न्हाई,” अनंतराव मनापासून हळहळले. त्यांनी गाड्या जागेवर थांबवल्या आणि मागणीपत्र तीन प्रतींत मागितलं.

उत्तरानं भराभर लिहून, सही करून दिलं. तोवर एक डाव गेला आणि फौजेची ताकद निम्म्यावर आली.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे सामना बघायला येत असल्याचा निरोप आला. अनंतरावांनी वेशीवरच्या दोन्ही तुकड्या उचलल्या आणि पाहुणे ज्या दारातून येणार, त्या बाजूला टेबलाच्या कडेला ओळीनं उभ्या केल्या.

“साहेब, वाट उघडी पडली!”

“बंदोबस्त लागतो, मॅडम. युद्ध काय, उद्याबी करता येतंय.”

बांधकाम शाखेचा नायक बजरंग उठला. आता हा वाट तोडणार, असं उत्तराला वाटलं. त्यानं खिशातून निवेदन काढलं.

“आमच्या शहरावर हल्ला का न्हाई? मागच्या सामन्यांत पश्चिमेकडच्या शहरांवर दोन-दोनदा झाला. आमी काय पाप केलं? हल्ला झाला असता तर तट पडला असता, तट पडला असता तर टेंडर निघालं असतं. लय अन्याय व्हायलाय आमच्यावर!”

आणि न्याय मिळेपर्यंत त्यानं आपलं सगळं सैन्य रसदेच्या रस्त्यावर बसवलं. पंचांना त्याचं म्हणणं रास्त वाटलं. त्यांनी त्रिसदस्यीय समिती नेमली आणि अहवाल येईस्तोवर वाहतूक बंद ठेवली.

पुढच्या दोन डावांत राजधानीच्या दारात उभी असलेली फौज उपाशी मेली. उत्तरा एकेक पुठ्ठा उचलून डब्यात ठेवत होती.

अनंतराव कागद घेऊन आले. “तोंड पाडू नका. मागणीपत्रावर तुमची सही हाय, आवक-जावक क्रमांक पडलाय. सबब रसद पोचली. पोचली म्हंजे खाल्ली, खाल्ली म्हंजे फौज जिवंत, सबब राजधानी पडली. जिंकलो आपण!”

“आणि बांधकामवाले?”

“त्यांच्या शहरावर हल्ला झाला असं लिवलंय. टेंडर निघायलंय. तेबी खूश.”

निकाल जेवणाच्या मंडपात वाचला गेला. बदलीच्या यादीत पहिलंच नाव उत्तराचं होतं. “कुणाची हरकत असल्यास हात वर करावेत,” पंच म्हणाले. मंडपात दोनशे माणसं होती आणि प्रत्येकाच्या दोन्ही हातांत ताट. उत्तरानं क्षणभर सगळीकडं पाहिलं, मग तीही ताट घेऊन रांगेत उभी राहिली.

तुम्ही तिथं असता, तर हात नक्की वर केला असता. फक्त ताट कुणाकडं धरायला दिलं असतं, तेवढं सांगा.