राघोशेठचं सातवं गाणं

डोंबिवलीत राघोशेठच्या शेतावर बिल्डिंग उभी राहिली आणि त्यांना तळमजल्याचा ब्लॉक मिळाला. त्या ब्लॉकमध्ये नव्व्याण्णव साली कॉम्प्युटर आला, आणि तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला त्याच्यावर गाणी लागू लागली. गाण्यांशिवाय शेठना चहा गोड लागत नसे. सहा भजनं कशी मऊ वाजायची, पण बरोबर सातला लागणारं सातवं गाणं हळदीचं, बँजोवाल्या पार्टीचं. ते सुरू झालं की भिंती हादरायच्या. शेवटी वरच्या चंद्रभागाबाईंनी तक्रार केली आणि सोसायटीने ठरवलं, आणखी एक तक्रार आली की सकाळची गाणी कायमची बंद.

शेठचा चेहरा उतरला. तेव्हा कॉम्प्युटरच्या क्लासला जाणारी त्यांची मुलगी मालू म्हणाली, "बाबा, सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे. कानाला कुठलं गाणं किती मोठं वाटेल ते कॉम्प्युटरच बघतो आणि सगळी एका पातळीवर आणतो."

"त्याला कान कवा आलं?" शेठनी विचारलं. मालूने एका चौकोनात टिक केली.

दुसऱ्या दिवशी सातवं गाणं सहाव्याच्या पावलावर पाऊल टाकून गेलं. शेठ खूश झाले. तेवढ्यात सेक्रेटरी शिवराम ओलेचिंब होऊन दारात उभे राहिले.

"राघोशेठ, गाण्याचं काय चाललंय तुमच्या?"

"करतो कमी," म्हणत शेठनी आवाज उतरवला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्रभागाबाई करपलेलं पातेलं घेऊन आल्या. "राघोदादा, तुमच्या गाण्यापायी दूध गेलं माझं."

गाण्याने दूध कसं जातं हे शेठना कळेना. त्यांनी आवाज डास गुणगुणण्याइतका केला. तिसऱ्या दिवशी अर्धी बिल्डिंग दारात आली, तेव्हा त्यांनी हात जोडले आणि कॉम्प्युटरचं बटणच दाबलं.

"बंद केला बघा. आता तरी सोडा मना."

"बंद कशाला?" शिवराम कळवळले. "सातव्या गाण्याला मी पंप बंद करतो. तीन दिवस टाकी वाहतेय."

"मी गॅस बंद करते," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "पोरं पण त्यालाच उठतात."

शेठ गोंधळले. "वहिनी, तक्रार तर तुमचीच व्हती ना?"

"होतीच की. दचकायचे, म्हणून केली. पण दचकले की गॅस आठवायचा ना."

तिथल्या तिथे ठराव झाला. सातवं गाणं पूर्वीसारखंच मोठं लागलं पाहिजे, रविवारीसुद्धा. शेठ गावाला गेले तर चावी शिवरामांकडे द्यायची.

माणसं गेली. मालूने टिक काढली. शेठनी पडद्याकडे बोट दाखवलं.

"मालू, एखाद दिवस मना झोपायचा असंल तं?"

मालूने सगळे चौकोन उघडून पाहिले. तशी सोय कुठेच नव्हती.