चिबड वावराची दृष्ट

शंकरसिंगाच्या वावरात सरकारी पेटी येऊन बसली, तेव्हा साऱ्या तांड्याला वाटलं, याचं नशीब उघडलं. घाटंजीच्या अलीकडे नाल्याकाठी वसलेल्या त्या तांड्यात बाकी बहुतेकांची वावरं होती आणि शंकरसिंगाचं होतं चिबड. पाऊस बरा झाला की त्यात पऱ्हाटी कुजायची, जास्त झाला की बैल रुतायचा, आणि दिवाळी सरली तरी बेडूक काही मुक्काम हलवायचे नाहीत. एकदा जावई कौतुकानं वावर पाहायला गेला, तो एकाच पायात जोडा घेऊन परतला. दुसरा चिखलानं ठेवून घेतला.

नागपूरच्या कचेरीतले देशकर साहेब मात्र नेमक्या त्याच चिखलावर खूष होते. पाच-सहाशे वर्षांपूर्वी या दलदलीत एक भरलेली पेठ होती, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. ती शोधायला त्यांनी एक पेटी, तारांची भेंडोळी आणि चार लोखंडी खुंट्या आणल्या होत्या. खुंट्या ओळीनं जमिनीत ठोकायच्या, तारा जोडायच्या आणि पेटीतल्या काट्याकडे टक लावून बसायचं, असं ते काम होतं.

"जमिनीत वीज सोडायची," साहेबांनी समजावलं. "ओल असली की वीज सुळकन जाते, काटा झोपून राहतो. खाली भिंत, दगड काही आलं की वीज अडते आणि काटा उठतो."

"अन् काटा उठला तं?"

"तर खाली जुनं गाव आहे असं समजायचं. मग ही जमीन सरकार राखून ठेवील आणि तुम्हाला बदल्यात दुसरी देईल. टेकाडावरची, चांगल्या निचऱ्याची."

शंकरसिंगाचा जीव त्या घटकेपासून काट्यात अडकला. टेकाडावरची जमीन म्हणजे जिथं तूर उभी राहते, जिथं माणूस पेरतो तेच उगवतं! आयुष्यात एकदा तरी आपल्या वावरातून कोरड्या पायांनी घरी यावं, एवढीच त्याची हौस होती.

आणि पहिल्याच दिवशी वावराच्या मधोमध काटा उठला. साहेबांनी उडी मारली, ती चिखलात घोट्यापर्यंत गेली. तांडा गोळा झाला. त्यात गुलाबसिंग नाईकही होता. त्याचं स्वतःचं वावर शेजारीच आणि तितकंच चिबड होतं.

"वा रे शंकर!" नाईक म्हणाला. "काय नशीब काढलंस गड्या! असं वावर पाहलं नाही बावा म्या!"

हे ऐकून शंकरसिंगाच्या बायकोच्या, रामीबाईच्या, काळजात चर्र झालं. नाईक माणूस चांगला, पण त्याची तारीफ वाईट. मागल्या साली त्यानं तिच्या म्हशीची तारीफ केली आणि म्हैस तिसऱ्या दिवशी आटली होती.

संध्याकाळी साहेब शाळेतल्या मुक्कामाला गेल्यावर रामीबाई मूठभर खडे मीठ घेऊन वावरात आली. घरातल्या माणसाची दृष्ट काढली की मीठ चुलीत जातं. वावराला चूल कुठून आणायची? तिच्या सासूची रीत अशी होती की वावराची दृष्ट वावरातच जिरवायची. तिनं मीठ खुंट्यांच्या भोकांवरून ओवाळलं, भोकांत टाकलं आणि वर लोटाभर पाणी ओतलं.

सकाळी साहेबांनी पडताळा म्हणून त्याच भोकांत खुंट्या ठोकल्या. काटा झोपलेला.

"असं कसं?" साहेबांनी पेटीला टिचकी मारली, तारा पुसल्या, बॅटरी बदलली. काटा कूससुद्धा वळला नाही. शेवटी त्यांनी ओळ बदलली. दोन हात बाजूला काटा पुन्हा उठला, तेव्हा कुठे शंकरसिंगानं श्वास सोडला.

"दृष्ट जबरी हाये," रामीबाई घरी म्हणाली. "एका मुठीनं उतरली नाही."

"मंग मूठ कायले? पायलीभर टाक!" शंकरसिंग म्हणाला. "जमीन जाऊन राह्यली हातची, अन् तू मीठ मोजून राह्यली!"

त्या संध्याकाळी पायलीभर मीठ गेलं आणि सकाळी तीही ओळ झोपली. मग शेजारची धुरपताबाई आपल्या घरचं मीठ घेऊन आली, जमनी आपल्या माहेरचं. साहेब पुढे खुंट्या ठोकत जात होते आणि तांड्यातल्या बाया मागून दृष्ट काढत येत होत्या. साहेब यवतमाळहून नवी बॅटरी घेऊन एस.टी.नं परत आले, तोवर तांड्यातली मिठाची सगळी गाडगी-मडकी चिबडात रिकामी झाली होती.

नवी बॅटरी लावली, तरी काटा झोपलेलाच. साहेब मटकन खाली बसले. बसल्या बसल्या त्यांनी भोकातली चिमूटभर माती उचलली, हुंगली, आणि कुणाला काही कळायच्या आत जिभेवर ठेवली.

"खारट!" ते ओरडले. "शंकरसिंग, माती खारट आहे! म्हणूनच वीज पळते! तुम्ही लमाण. तुमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर समुद्राकाठचं मीठ घेऊन मुलूखभर फिरायचे ना?"

"होय सायेब. आमचा पणजा कोकणात गेलता म्हंतेत."

"मग झालं तर! ही नुसती पेठ नव्हे, मिठाची पेठ! इथं तुमच्याच वाडवडिलांचं कोठार होतं!"

शंकरसिंगाच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात त्याला टेकाडावरची तूर दिसली, चांगली कमरेएवढी, शेंगांनी लगडलेली. त्यानं तोंड मिटून घेतलं. चुलीपुढल्या रामीबाईला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

साहेबांनी मजूर लावले. जिथं काटा आधी उठला होता तिथून थेट नाल्यापर्यंत छातीएवढा खोल चर खणला. मधोमध पिवळ्या मुरमाची कडक पट्टी लागली. तीच कोठाराची भिंत असणार म्हणून ती आरपार फोडली. पलीकडेही मुरूमच होता. पुढे एक चामड्याची वस्तू सापडली. साहेबांनी ती कुंच्यानं हळूहळू झाडली, तर ती टायरच्या तळव्याची निघाली. जावयाचा जोडा होता तो.

तरी मिठाच्या जोरावर नागपूरचे मोठे साहेब जीपनं आले. ते चराच्या काठानं चालत गेले, चालत परत आले, आणि शंकरसिंगाच्या घरी जेवायला बसले. रामीबाईनं भाकरी, वांग्याची भाजी आणि तुरीची दाळ वाढली. मोठ्या साहेबांनी पहिला घास घेतला आणि ते थांबले.

"बाई, जरा मीठ द्या."

"मीठ नाही सायेब," रामीबाई पदर सावरत म्हणाली.

"शेजारून आणा."

"शेजारीबी नाही. साऱ्या तांड्यात खडा नाही."

"मिठाच्या कोठारावर बसलेला तांडा, आणि घरात खडा नाही?" मोठे साहेब हसून म्हणाले.

शंकरसिंगानं डोळ्यांनी खुणावलं, खाकरून पाहिलं, शेवटी तांब्या पाडला. पण रामीबाईला पाहुण्यापुढं अळणी दाळ वाढल्याची लाज खात होती.

"घरात कुठून राहीन सायेब? सारं वावरात टाकलं ना! रोज सांजच्याले तुमच्या खुट्याईची दृष्ट काढून राह्यलो आमी!"

देशकर साहेब भाकरीकडे पाहत राहिले. मोठ्या साहेबांनी अळणी दाळ शेवटच्या घासापर्यंत संपवली, हात धुतले आणि देशकरांना म्हणाले, "चला, पेठ बघून झाली." जीप गेली. चर बुजवायला कोणी थांबलं नाही.

"काहून बोललीस तू? काहून?" शंकरसिंग कपाळ बडवत म्हणाला. "गेली टेकाडावरची जमीन!"

"मंग पाहुण्याले खोटं सांगू का?" रामीबाई म्हणाली आणि भांडी घासायला बसली. पण राख घेतलेला हात भांड्यावर तसाच थांबला. तिच्याही डोळ्यांना पाणी आलं होतं.

पावसाळ्यात शंकरसिंगानं मन मारून पेरणी केली. पाणी वावरात भरलं, नेहमीसारखं. मग ते चराकडे सरकलं, फुटलेल्या मुरमातून वाट काढून नाल्यात उतरलं आणि निघून गेलं. इतकी वर्षं त्या पट्टीनंच पाणी अडवून धरलं होतं. बेडकांनी दोन दिवस वाट पाहिली आणि तेही गेले. तूर कमरेएवढी झाली. शंकरसिंग वावरातून कोरड्या पायांनी घरी आला आणि ते पाय बायकोला दाखवत ओट्यावर बसून राहिला.

त्या आठवड्याच्या बाजाराला रामीबाई घाटंजीला गेली, ती रिकामी पिशवी घेऊन परतली.

"मीठ नाही भेटलं?"

"सारं संपलं म्हंते दुकानदार. आपल्या नाईकानं बैलबंडी भरून नेलं. वाटेत भेटला मले. पुसत होता, थे नागपूरचे सायेब पेटी घेऊन आता कधी येतेत?"

संध्याकाळी दाळ पुन्हा अळणी झाली. शंकरसिंगानं दोनदा मागून घेतली.