मटकीचा संप

रंगरावांनी शिट्टी वाजवली आणि एकही पोर उठलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवली, या वेळी गाल फुगवून. सोसायटीच्या हॉलसमोर मांडी घालून बसलेली पोरं बसूनच राहिली. प्रत्येकाच्या दंडाला काळी फीत होती. जवळ जाऊन पाहिलं तेव्हा कुणाच्या तरी आईची छत्री कामी आल्याचं कळलं. मोड आलेल्या मटकीच्या ताटल्या समोर तशाच पडून होत्या.

“काय झालं रे? पाय दुखायलेत का सगळ्यांचे?”

“टूल डाऊन,” सायली म्हणाली.

सायली चौथीतली. तिचे वडील चाकणच्या कंपनीत, आई भोसरीच्या वर्कशॉपमध्ये. त्यामुळे पाढ्यांच्या आधी तिला ओव्हरटाइमचा हिशेब यायचा. बाकीची पोरंही असल्याच घरांतली. संप म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

रंगराव मात्र हबकले. सगळी नोकरी त्यांनी युनियनचा पुढारी म्हणून गाजवली होती. धाराशिवकडून आलेला हा गडी गेटवर बोलायला उभा राहिला की मॅनेजरच्या केबिनची खिडकी आपोआप बंद व्हायची. संप कसा करायचा हे त्यांना तोंडपाठ होतं. आपल्याविरुद्ध झाला तर काय करायचं, हा विषय मात्र अभ्यासक्रमातच नव्हता.

आणि हा वर्ग तर त्यांचा जीव की प्राण. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने ते सवयीने पहाटे उठत, अंघोळ करून बूट घालत आणि सोफ्यावर बसून राहत. त्यांच्या पायांखालून केर काढून पत्नी दुर्गाबाई कंटाळल्या होत्या. अशात सोसायटीचे चेअरमन साहेबराव देवासारखे धावून आले. पिंपळे गुरवच्या या इमारती ज्या शेतात उगवल्या, ते शेत एकेकाळी त्यांचंच. “रंगराव, आईबाप शिफ्टला असत्यात. पोरं शाळंतून येऊन चिप्सची पाकिटं फोडत्यात न् मोबाइल बघत बसत्यात. हॉल उघडून देतो. तुमी त्यान्ला पळवा, वैनी काय तरी चांगलंचुंगलं खायला घालत्याल,” ते म्हणाले होते. त्या दिवसापासून रंगराव मनातल्या मनात रोज साहेबरावांच्या पाया पडत. बूट घालायला कारण मिळालं होतं.

वर्गही छान चालला होता. रंगराव खुर्चीत बसून शिट्टी वाजवत, पोरं पळत. मग दुर्गाबाई मटकी वाढत आणि रंगराव वडापावविरुद्ध भाषण ठोकत. ते फार प्रभावी होई, कारण बोलणारा माणूस ताज्या अनुभवावरून बोलत असे. वर्गाला येण्याआधी कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीला ते नेमाने भेट देऊन येत. ‘पोटाला आधार’ असं या भेटीचं नाव. डॉक्टरांनी शुगरबद्दल दिलेली तंबी आणि मिशीला येणारा लसणाच्या चटणीचा वास यांवर दुर्गाबाई वर्षानुवर्षं बोलत होत्या. रंगरावही तितक्याच निष्ठेने ते ऐकून सोडून देत होते.

संप नेमका वाईट वेळी आला होता. एक केटरिंगवाला हॉल भाड्याने मागत होता आणि कमिटीतले काही जण पाघळले होते. साहेबराव अडचणीत आले होते. “शनवारी समदे आईबाप येत्याल,” त्यांनी सांगून टाकलं होतं. “पोरं पळताना दिसली, चांगलं खाताना दिसली, की मी कमिटीशी भांडतो. न्हाई दिसली, तर माझा बी इलाज न्हाई.”

“तुमच्या मागण्या काय?” असं विचारलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण पुढाऱ्याचा मालक झाला की पहिला बळी कानांचा जातो. पोरांना वडापाव हवा असणार हे रंगरावांनी परस्पर ठरवून टाकलं, आणि आयुष्यभर ज्या युक्त्यांना शिव्या घातल्या त्याच एकेक करून बाहेर काढल्या.

आधी टाळेबंदी. चेंडू आणि दोरीउड्यांच्या दोऱ्या त्यांनी कपाटात घालून कुलूप लावलं. पोरांनी चपलांचा विटी-दांडू सुरू केला. मग फूट पाडायचं ठरलं. अजिंक्य हा त्यातल्या त्यात भुकेला गडी. त्याला बाजूला घेऊन रंगरावांनी शेंगदाण्याची चिक्की दिली. तो “थँक्यू आजोबा” म्हणाला, परत गेला आणि चिक्कीचे तुकडे करून सगळ्यांना वाटले. शेवटी कंत्राटी कामगार आणले. शेजारच्या इमारतीतली बालवाडीची पोरं गोळा केली. त्यांनी मटकी चाटूनपुसून खाल्ली, नाकं पुसली, आणि आम्हालाही काळी फीत पाहिजे म्हणून भोकाड पसरलं.

“अगं, तू तरी सांग की त्यांना,” रंगराव दुर्गाबाईंना म्हणाले.

“मी काय सांगणार? मी बापडी कॅन्टीनवाली,” दुर्गाबाई कांदा चिरत म्हणाल्या.

शनिवार उजाडला तसे रंगराव नमले. पालक यायच्या आत समझोता उरकून टाकावा म्हणून ते गाडीवर गेले आणि पिशवी भरून गरम वडापाव घेऊन आले. एकदाच खाऊ द्यावं, मग पळवावं, असा बेत होता. हिशेबात चूक नव्हती. चाकणहून येणारी कंपनीची बस वेळेत पोहोचल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. पण त्या दिवशी चाकणच्या रस्त्याला ट्रॅफिकच लागलं नाही. रंगराव पिशवीची गाठ सोडतात तोच फाटकातून साहेबराव आणि त्यांच्यामागे युनिफॉर्ममधले आईबाप आत आले.

रंगरावांनी पिशवी खुर्चीवर ठेवली आणि ते तिच्यापुढे उभे राहिले. पण वास काही कुणाच्या पाठीमागे लपत नाही.

साहेबरावांचं नाक वर झालं. “ह्यो वास कसला म्हनायचा, रंगराव?”

चांगलं खायला शिकवणारा माणूस पिशवीभर वडापावांसकट पकडला गेला होता. हॉल तर गेलाच, वर अब्रूही. गेटसमोर हजार माणसांपुढे न अडखळलेला पुढारी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळू लागला.

सायली उठून उभी राहिली.

“ती आमची परीक्षा आहे,” ती म्हणाली. “वडापाव समोर ठेवायचा आणि हात लावायचा नाही. आजोबांनी मुद्दाम आणलेत.”

“गरम,” अजिंक्यने पुस्ती जोडली. त्याचा आवाज किंचित कापरा होता.

“असं व्हय!” साहेबराव खूश झाले. “मंग घ्या की परीक्षा.”

दंडावरच्या फिती गुपचूप खिशात गेल्या. मधोमध वडापाव मांडले गेले, भोवती पोरं बसली आणि मटकी खाऊ लागली. अजिंक्यने तेवढे डोळे मिटून घेतले होते. मग पोरं उठली आणि अशी पळाली, की कुणाच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण परीक्षा इतरांचीही चालू होती. पहिल्या शिफ्टवरून उपाशीपोटी आलेल्या एका बापाचा हात पुढे झाला, मग दुसऱ्याचा. थोड्या वेळाने रिकाम्या पिशवीची घडी घालत साहेबराव भरल्या तोंडाने म्हणाले, “हॉल तुमचाच. कमिटीचं मी बघतो.”

मंडळी पांगली तसे रंगराव सायलीपुढे बसले. “पोरी, तुमचा तर संप चालू होता. मग मला वाचवलं कशाला?”

“भांडण आपल्या घरातलं आहे,” सायली म्हणाली. “ते बाहेरच्यांना कशाला सांगायचं?”

रंगरावांनी सगळ्या पोरांपुढे हात जोडले. जन्मभर लोकांसाठी भांडलो, पण आपल्यासाठी असं कोण उभं राहिलं होतं? “तुमचे लई उपकार झाले, बाळांनो,” ते म्हणाले. “आता सांगा. काय मागाल ते मंजूर.”

सायलीने घसा साफ केला आणि एक मूठ वर केली. “साहेबांचं ताट वेगळं आणि कामगारांचं ताट वेगळं, हे आम्ही चालू देणार नाही! जे आमच्या ताटात, तेच तुमच्या ताटात! तुम्ही पण मटकी खायची. आणि खुर्ची सोडून आमच्याबरोबर पळायचं!”

रंगराव बघतच राहिले. मागणी साधी होती. पण पहिली दोन वाक्यं त्यांची स्वतःची होती, मुठीसकट! कॅन्टीनच्या लढ्यात त्यांनी ती गेटवर गर्जून म्हटली होती, तेव्हा या पोरीचे आईबापही शाळेत असतील. त्या सभेच्या आदल्या रात्री घरी मोरीच्या दारात उभं राहून त्यांनी त्या भाषणाची तालीम केली होती, आणि ऐकायला एकच माणूस होतं.

त्यांनी मान वळवली. दुर्गाबाई पातेल्यात डोकं घालून उरलेली मटकी खालीवर करत होत्या. पातेल्यात एवढं बघण्यासारखं काही नव्हतं.

“अगं,” रंगराव हळूच म्हणाले, “या संपाची पुढारी तू होतीस होय?”

“नुसतं सांगून माणूस ऐकत नसेल तर काय करायचं?” दुर्गाबाईंनी मान वर केली. त्यांचे डोळे भरून आले होते. “तुमच्याकडूनच शिकले.”

रंगरावांना खूप बोलायचं होतं. हे माणूस आपल्यासाठी गेटवर उभं होतं आणि आपण केबिनची खिडकी लावून बसलो होतो, एवढं त्यांना लख्ख दिसलं. पण पोरं बघत होती, म्हणून त्यांनी फक्त विचारलं, “कराराची मुदत किती?”

“मुदत नाही,” दुर्गाबाई म्हणाल्या.

रंगराव उठले आणि अजिंक्यच्या मागे रांगेत जाऊन उभे राहिले. पाळी आली तशी त्यांनी ताटली पुढे केली. “लिंबू जरा जास्त पीळ,” ते म्हणाले.